एकीला घेऊन आलीस, मग त्याला ठेवून कशी आलीस गं?

जुळ्यांतल्या मुलीला घरी आणलं आणि मुलाला हॉस्पिटलातच ठेवलं, म्हणून हा प्रश्न मला बारशात विचारला गेला, पहिल्या वाढदिवसाला विचारला गेला, हळदीकुंकवाला तर दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि परवा शाळेच्या गेटवर एका बाईंनी विचारला ज्यांचं नावही मला माहीत नाही. खरं तर उत्तर कुणालाच नको असतं, "मला नसतं बाई जमलं" हे पुढचं वाक्य तोंडात तयारच असतं. तरी तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहून टाकते.

जुळी 29 व्या आठवड्यात झाली, पुण्यात, मुलगी 1240 ग्रॅम आणि मुलगा 980, हे सगळ्यांना पाठ आहे. आयव्हीएफ होतं का, मी काय उचललं होतं, पपई खाल्ली होती का, त्यात मी शिरणार नाही.

आधी एवढं समजून घ्या की जुळी असली तरी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन वेगळे पेशंट असतात, दोन फाईली, दोन बिलं. मुलगी सीपॅपवरून, म्हणजे नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवरून, लवकर सुटली, नळीतून 2 मिली दूध चालू झालं, ते वाढत वाढत गरोदरपणापासून मोजलेल्या चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास वाटीने पाजण्यावर आली, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एकदम जमायला साधारण तेवढे आठवडे लागतात. मुलगा मात्र श्वास घ्यायचाच विसरायचा, त्याला ॲप्निया म्हणतात, त्यासाठी कॅफिन देतात, हो, कॉफीतलंच. मॉनिटर वाजला की सिस्टर येऊन त्याच्या तळपायाला टिचकी मारायची आणि साहेब परत श्वास घ्यायला लागायचे. तो आवाज मला अजून मिक्सर बंद केल्यावर पण ऐकू येतो.

माझं तेव्हा एकच पालुपद होतं, घरी जातील तर दोघं एकत्र जातील. डॉक्टरांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, आईला फोनवर रडून सांगितलं. कुठली आई एकाला उचलून निघेल, असं मीच म्हणायचे, अगदी तुमच्याच सुरात.

मग मुलगी 1650 ची झाली, वजन रोज वाढत होतं, ॲप्निया नाही, ऑक्सिजन नाही, आणि डॉक्टर म्हणाले हिला न्या, इथं ठेवण्यात आता फायदा कमी आणि इन्फेक्शनची भीती जास्त. त्याच आठवड्यात मुलाचं पोट फुगलं, त्याचं फीड बंद केलं, सलाईन आणि अँटिबायोटिक. म्हणजे तिची सुट्टी आणि त्याचं बिघडणं एकाच वेळी आलं. आणि घरी गेलेलं बाळ परत आत आणता येत नाही, तिथला नियमच तसा होता. पुण्यात आम्ही नवऱ्याच्या चुलत बहिणीकडे होतो, वन बीएचके, तिची दोन शाळकरी पोरं, दोघांचं नाक कायम वाहतं. तिथं 1650 ग्रॅमची पोर ठेवणार होते का मी? साताऱ्याला सासूबाई, स्वच्छ खोली, दुपारचं ऊन.

निघायच्या दिवशी सकाळी मी पंपिंग रूममध्ये दूध काढून ठेवलं, ते त्याला द्यायचंच नव्हतं, फ्रीझरला गेलं. मग त्याच्या इन्क्युबेटरपाशी गेले. सिस्टरने आधीच शिकवलं होतं की एवढ्या लहान बाळाला थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही, त्याला ते सहन होत नाही, नुसता एक हात डोक्यावर आणि एक पायांपाशी स्थिर ठेवायचा. मी तसा ठेवला. त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 88 होतं ते 93 वर आलं आणि मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं. मग हात काढायचा कसा? किती वेळ उभी होते माहीत नाही, बाहेर नवरा डिस्चार्जच्या कागदांवर सह्या करत होता, दीर गाडी लावून फोनवर फोन करत होता, मुलीच्या फीडची वेळ जवळ येत चाललेली. शेवटी सिस्टरच म्हणाली, "ताई, तिला भूक लागेल." मी हात काढला. आकडा खाली आला का ते बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

आणि आता जे मी कुणाला सांगत नाही ते. गाडी कात्रजच्या पुढे गेल्यावर मला मोकळं वाटलं. मॉनिटर वाजत नव्हता, मांडीवर एक धडधाकट म्हणावी अशी पोर होती, आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी मला इतकी भूक लागली की मी दोन वडापाव खाल्ले. मागे बसलेल्या सासूबाईंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, पण सगळ्या नातेवाइकांना ते कसं कळलं देव जाणे.

घरी आल्यावर मी काय पाय पसरून बसले नव्हते. दर दोन तासांनी हिला फीड, मधल्या वेळात त्याच्यासाठी पंप. दीर नोकरीला पुण्याला अप-डाऊन करायचा, तो थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून गोठवलेलं दूध न्यायचा, नवरा तिकडेच राहिला आणि शर्टाची बटणं उघडून पोराला छातीवर घेऊन बसायचा. नवऱ्याच्या मावशीला ते बघून हसू आलं, बाप्याचं काय काम म्हणे. असं बाळाला उघड्या छातीशी धरणं म्हणजे कांगारू केअर, ते 1978 मध्ये कोलंबियात बोगोटाला सुरू झालं, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून, आणि छाती बापाची असली तरी ऊब मिळतेच. इकडे मुलीला सासूबाई तशाच घेऊन बसायच्या. हॉस्पिटलने दिलेली चोचीची वाटी बघून म्हणाल्या, हे तर आपलं बोंडलं, आणि माझ्यापेक्षा सफाईने पाजायला लागल्या.

पैशाचंही सांगते. दोन बेडचं बिल आणि एका बेडचं बिल यात फरक असतो आणि तो आम्हाला कळत होता. त्यासाठी तिला आणलं नाही. पण तो फरक मनात नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल.

मुलगा यथावकाश आला, रेटिना, म्हणजे डोळ्याचा पडदा, तपासून, चष्म्याशिवाय, आणि आता बहिणीला ढकलतो. म्हणून निर्णय बरोबर होता असं मी म्हणत नाही, तो आला नसता तरी कारणं तीच राहिली असती आणि तुम्ही हाच प्रश्न वेगळ्या आवाजात विचारला असता. "दोघं एकत्र" म्हणणारी मी वेडी होते असंही वाटत नाही. नवऱ्याचं म्हणणं अजून हेच की हॉस्पिटलजवळ एखादी खोली भाड्याने बघायला हवी होती. मी म्हणते कुठल्या पैशांनी, आणि रात्री माझ्यासोबत कोण राहणार होतं? तो म्हणतो बघितली तरी असती. परवा पण यावरून वाजलं.