निळी चिंदी

सैन्यातून आर्मोरर म्हणून निवृत्त झाल्यावर मी साताऱ्यात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करू लागलो. त्या दिवशी पाटणकडच्या बापूंच्या .३१५ रायफलला बसवलेली नवी बॅरल मुरवून घेण्यासाठी आम्ही सकाळीच रेंजवर गेलो होतो.

नव्या बॅरलमध्ये चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, संपून आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, सुरू होतात, तिथे चेंबर कोरणाऱ्या रीमर या हत्याराच्या बारीक आडव्या रेघा राहिलेल्या असतात. गोळीच्या आवरणातले तांबे त्यांवर खरवडले जाऊन पुढे आट्यांना चिकटते आणि न पुसता गोळ्या झाडत राहिल्यास थरावर थर चढतो. म्हणून पहिल्या काही गोळ्यांना प्रत्येक वेळी सफाई करायची. या खटाटोपाचा उपयोग किती, यावर जाणकारांत एकमत नाही. आतून घोटून गुळगुळीत केलेल्या बॅरलला त्याची फारशी गरज नसते असे माझे मत आहे, पण ही बॅरल तशी नव्हती.

बोल्ट, म्हणजे बॅरलचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, काढून मी नेहमी मागच्या बाजूनेच सफाईचा गज घालतो, कारण तोंडाकडची कड घासली गेली की नेम बिघडतो. आधी दारूची काजळी काढली, मग अमोनियाचे द्रावण लावलेली चिंदी फिरवली. ती निळी निघाली, म्हणजे तांबे सुटत होते. पाचव्या-सहाव्या गोळीनंतर हा निळेपणा ओसरायला हवा होता, तो ओसरेना. नवव्या गोळीनंतर मी गोळीबार थांबवून नुसती सफाईच करत बसलो, तरी प्रत्येक चिंदी निळीच. बापूंनी मोजून वीस काडतुसे आणली होती.

"मेजर, बॅरलच खराब आली का काय?" त्यांनी विचारले. खरे सांगायचे तर मलाही तीच शंका येऊ लागली होती.

टॉर्च लावून तोंडाकडून पाहिले, तर आट्यांवर तांबूस झाक कुठेच नव्हती. मग हातातली चिंदी उलटून पाहिली. आट्यांना घासणारी तिची बाहेरची बाजू फिकट होती आणि आतली, गजाच्या टोकावर बसणारी बाजू गडद निळी. ते टोक पितळेचे होते, आणि पितळात तांबे असतेच! द्रावणात भिजवलेली कोरी चिंदी मी त्या टोकावर गुंडाळून, बॅरलमध्ये न घालता, तशीच बाकावर ठेवली. चहा येईपर्यंत ती निळी पडली.

मग जुन्या नायलॉनच्या ब्रशवर चिंदी गुंडाळून बॅरलमधून फिरवली, तर ती जवळजवळ पांढरी बाहेर आली.

"म्हणजे दुपारपासून आपण तुमचा गजच धूत होतो?" बापू म्हणाले.

मी मान डोलावली. द्रावणाचा अंश राहू नये म्हणून दोन कोरड्या चिंद्या फिरवल्या, तेलाचा हलका हात दिला आणि उरलेली अकरा काडतुसे मोजून त्यांच्या हवाली केली.