सात नंबरचा वुड की चार नंबरचा हायब्रिड: बेळगावच्या गोल्फ मैदानावरचा माझा अनुभव

गोल्फमध्ये माझा पाच नंबरचा आयर्न, म्हणजे पातळ धातूच्या पात्याचा क्लब (काठी), १५५ यार्ड जातो आणि पाच नंबरचा वुड, म्हणजे मोठ्या गोलसर डोक्याचा लांब क्लब, १९०. मधल्या पस्तीस यार्डांसाठी बॅगेत काहीच नव्हतं. चार नंबरचा आयर्न होता, पण पन्नाशीनंतर स्विंगमध्ये तेवढी गती राहिली नाही आणि त्याने बॉल उचलेना, म्हणून तो घरी ठेवला. १७५ यार्डांवर बॉल थांबला की एक तर आयर्न जिवाच्या आकांताने मारायचा, नाही तर वुड आवरता घेऊन मारायचा. दोन्हींत स्विंगची लय जाते. नियमाप्रमाणे बॅगेत चौदा क्लब चालतात, माझ्याकडे तेरा होते. चौदावा कुठला, एवढाच प्रश्न होता: २१ अंशांचा सात नंबरचा फेअरवे वुड, की २२ अंशांचा चार नंबरचा हायब्रिड, म्हणजे आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब? (अंश हे लॉफ्टचे, म्हणजे फेस, क्लबची बॉलला लागणारी बाजू, किती मागे कललेली आहे त्याचे.)

कागदावर दोघांत एका अंशाचा फरक, अंतरही जवळजवळ तेच. म्हणून बरेच जण सांगतात, ‘जो हातात बरा वाटेल तो घे.’ मला हे पटलं नाही. हातात बरा वाटतो तो दुकानातल्या मॅटवर. मॅटवर बॉल नेहमीच सपाट बसतो आणि खालून क्लब घसरून जातो. आपल्याला खेळायचं असतं बेळगावच्या मातीवर.

आमचं मैदान कॅम्पात, लष्करी जागेवर. खाली तांबडी जांभ्याची माती, वर हरळी. एप्रिलमध्ये ही जमीन अशी टणक होते की बॉल पडला की टप्पे खात पळत सुटतो. जूनमध्ये घाटावरून पाऊस आत शिरला की महिन्याभरात तेच मैदान ओळखू येत नाही. फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या मुख्य पट्ट्याच्या, कडेचं गवत (रफ) घोट्याच्या वर जातं, त्यापलीकडे नुसती झाडी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच झाडीत बिबट्या दडला होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधायला शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले होते. एवढं मोठं जनावर जिथे दिवसेंदिवस हाती लागत नाही, तिथे माझा बॉल गवतात कसा बसत असेल हे वेगळं सांगायला नको. क्लब निवडताना मला पहिला विचार या गवताचाच करावासा वाटला.

माझा व्यवसाय उद्यमबागेत मशीनिंगचा. कास्टिंग येतात, त्यांच्यावर टर्निंग, मिलिंग करून आम्ही पुढे पाठवतो. त्यामुळे दोन मित्रांकडून दोन्ही क्लब आठवड्यासाठी मागून आणले आणि आधी मैदानावर न नेता इन्स्पेक्शन टेबलावर ठेवले. व्हर्निअर (बारीक माप घेणारी पट्टी) लावला. वुडचं डोकं फेसपासून पाठीपर्यंत ८० मिलिमीटरच्या पुढे भरलं, हायब्रिडचं ६० च्या आसपास. म्हणजे वुडचं वजन फेसपासून बरंच मागे आहे. गुरुत्वमध्य खाली आणि मागे असला की फटक्याच्या वेळी डोकं थोडं वर बघतं आणि बॉल उंच निघतो. हायब्रिडचा गुरुत्वमध्य फेसच्या जवळ, म्हणून त्याचा बॉल त्याच लॉफ्टला जरा खालून जातो.

मग स्टीलपट्टी फेसवर आडवी धरली. वुडवर पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता, फेसला बाहेरच्या बाजूने गोलाई होती. हायब्रिडवर पट्टी जवळजवळ टेकली. ही गोलाई दिखाव्याची नाही. बॉल टोकाकडे लागला की डोकं गुरुत्वमध्याभोवती फिरतं आणि बॉलला उलट दिशेची फिरकी बसते. गुरुत्वमध्य जितका मागे, तितकी ही फिरकी जास्त. गोलाईमुळे असा बॉल आधी थोडा बाहेर निघतो आणि फिरकीने आत वळतो. हायब्रिडमध्ये फिरकीच कमी, म्हणून त्याला तेवढी गोलाई लागत नाही. इतकी वर्षं वुड वापरतोय, पण टोकाला लागलेला बॉल परत मैदानात का येतो हे त्या टेबलावर नीट उमगलं. ज्याने कोणी पहिल्यांदा हा आकार बसवला त्याला मनापासून हात जोडावेसे वाटले.

तिसरी गोष्ट लांबी. वुडचा शाफ्ट (दांडा) हायब्रिडपेक्षा दीड इंचाने लांब होता. लांब शाफ्टने डोक्याला गती मिळते, पण बॉल फेसच्या मधोमध लागणं अवघड होतं. शाफ्टची टोकंही वेगळी असतात: वुडचं ०.३३५ इंच, म्हणजे साडेआठ मिलिमीटर, आणि हायब्रिडचं ०.३७० इंच, म्हणजे ९.४ मिलिमीटर. माझ्याकडे वुडचा एक चांगला शाफ्ट पडून होता. पितळेचा बुश टर्न करून तो हायब्रिडच्या डोक्यात बसवता आला असता, दहा मिनिटांचं काम. पण वुडचे शाफ्ट हलके आणि लवचीक असतात, हायब्रिडचे साधारण दहा-वीस ग्रॅमनी जड. गवतातून क्लब ओढून काढायचा तर ते वजन लागतंच. म्हणून तो मोह टाळला.

क्लबात विचारलं तर दोन पक्ष पडले. हायब्रिडवाल्यांचा देव म्हणजे कोरियाचा वाय. ई. यांग. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या होलवर सुमारे २०० यार्डांवरून त्याने हायब्रिड मारला, बॉल झेंड्याजवळ नेला आणि टायगर वुड्सला हरवलं. तोवर शेवटच्या दिवशी आघाडीवर असताना टायगर मेजर, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, एकही कधीच हरला नव्हता. वुडवाले सांगतात २०२० चं मास्टर्स: डस्टिन जॉन्सन जिंकला तेव्हा त्याच्या बॅगेत सात नंबरचा वुड होता. आमचे निवृत्त सुभेदार साहेब तर थेट १९३५ ला जातात, जीन साराझेनने चार नंबरच्या वुडने दोन फटक्यांत पार-पाच, म्हणजे पाच फटके अपेक्षित असलेला, होल संपवला तिथपर्यंत. ऐकायला हे सगळं फार छान वाटतं, आणि दर रविवारी मी ते पुन्हा ऐकतो. पण यापैकी कोणीही जुलैत बेळगावच्या गवतातून खेळलेलं नाही.

माझ्या कॅडीने (बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याने) मात्र कामाची गोष्ट सांगितली. गणेशपूरचा पोरगा, मराठी-कन्नड दोन्ही सारखंच बोलतो. रफमध्ये मी वुडला हात घातला की म्हणायचा, “साहेब, नको की. बॉल खाली बसलाय, गवत ओढूलंय बघा.” त्याचं बरोबर होतं. वुडचा सोल (तळ) रुंद असतो, तो गवतावरून घसरायला बनवलेला. गवत दाट आणि ओलं असलं की ते डोक्याच्या मानेला गुंडाळतं, फेस मिटतो आणि बॉल डावीकडे लोळत जातो. हायब्रिडचं डोकं अरुंद, आणि त्याला आयर्नसारखं वरून खाली मारता येतं, त्यामुळे तो खुरप्यासारखा गवत कापत बॉलपर्यंत पोचतो.

एवढ्यावरून हायब्रिड घेऊन मोकळा झालो असतो. पण पुण्याला कामासाठी जाणं झालं तेव्हा दुकानातल्या लाँच मॉनिटरवर, म्हणजे बॉलचं अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्ही क्लब मारून पाहिले. त्या यंत्रात जागेची उंची भरता येते. मी आवर्जून बेळगावची ७५० मीटर भरायला लावली, कारण उंचीवर हवा विरळ आणि बॉल थोडा जास्त जातो. हवेतलं अंतर दोघांचं जवळजवळ सारखं आलं: वुडचं १७४, हायब्रिडचं १७६ यार्ड. विक्रेत्याने तिथेच हायब्रिड बांधायला घेतला होता. मी त्याला थांबवून शेवटचा रकाना दाखवायला सांगितलं, बॉल जमिनीवर किती कोनात उतरतो तो. वुडचा ४३ अंश, हायब्रिडचा ३८.

पाच अंश म्हणजे थोडे वाटतात. पण एप्रिलमधलं आमचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, डोळ्यांसमोर आणा. ३८ अंशांत उतरलेला बॉल पहिला टप्पा घेतो आणि ग्रीनच्या मागे निघून जातो. उंचावरून, जास्त उभ्या कोनात आलेला बॉल त्याच जागी दोन टप्प्यांत थांबतो. उन्हाळ्यात गवतही सुकून पातळ झालेलं असतं, त्यामुळे रफमधूनसुद्धा वुड अडत नाही. म्हणजे कोरड्या दिवसांत वुडचा मुख्य तोटा राहतच नाही आणि फायदा दुप्पट होतो.

पावसाळ्यात नेमकं उलट. ग्रीन इतकं मऊ असतं की बॉल कुठल्याही कोनात येवो, पडल्या जागी थांबतो. उभं उतरण्याला काही किंमत उरत नाही. गवत मात्र दाट. त्यात जून-जुलैचा पश्चिमेचा वारा, जो आमच्याकडे छत्र्या उलट्या करतो. वुडचा उंच बॉल त्या वाऱ्यात चढतो आणि दहा-पंधरा यार्ड आधीच खाली बसतो. हायब्रिडचा खालून जाणारा बॉल वाऱ्याला टिकतो.

हे लक्षात आल्यावर मी एक केलं. दर रविवारी स्कोअरकार्डाच्या मागे लिहायला लागलो: लांबचा फटका कुठून मारला, फेअरवेवरून की गवतातून, आणि बॉल ग्रीनवर थांबला की पुढे गेला. एक पावसाळा आणि एक उन्हाळा लिहिलं. पावसाळ्यातल्या कार्डांवर ‘गवत’ हा शब्द सगळीकडे होता, उन्हाळ्यातल्यांवर ‘पुढे गेला’. मग वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. माझ्या मते बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात, जिथे चार महिने पाऊस धो धो पडतो आणि नंतर जमीन दगड होते, तिथे या प्रश्नाचं वर्षभराचं एकच उत्तर शोधू नये. सोलापूरकडच्या माणसाने वुड घ्यावा, त्याला दुसरं काही लागणार नाही.

नियमही आड येत नाही. फेरी सुरू करताना बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब नकोत, एवढंच. आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरा नेला तर कोणी अडवत नाही.

सात नंबरचा वुड नवीन घेतला. हायब्रिड इथेच मिळाला. बेळगावात लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहतात आणि सामान कमी करताना कित्येक जण चांगले क्लब अर्ध्याहून कमी किमतीत देऊन जातात. नव्या हायब्रिडला पंचवीस-तीस हजार घालण्याआधी क्लबातल्या सूचनाफलकावर नजर ठेवा, हे मी सगळ्यांना सांगतो. घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहिल्या: फेसवरच्या खोबणींची कड बोटाला लागते का, शाफ्टला मानेजवळ बारीक तडा नाही ना, आणि डोकं हलवल्यावर आतून काही खडखडत नाही ना.

एक अडचण राहिली होती. हायब्रिडचा बॉल डावीकडे ओढला जायचा, ही अनेकांची तक्रार असते. शाफ्ट आखूड, म्हणून तो जमिनीशी जास्त उभा असतो, आणि काही हायब्रिडचा फेस मानेपेक्षा मागे घेतलेला असतो, म्हणजे फेस मिटायला जास्त वेळ मिळतो. ज्याचा बॉल उजवीकडे जातो त्याला हे वरदान, माझा मुळातच डावीकडे वळतो. सुभेदार साहेबांनी माझा फटका बाजूला उभं राहून पाहिला आणि म्हणाले, “बॉल फार पुढे ठेवताय. हा वुड नाही.” वुडसाठी बॉल डाव्या टाचेच्या थोडा आत असतो. हायब्रिडला त्याहून एक-दोन बॉल मध्याकडे घेतला आणि घासत न्यायचं सोडून खाली मारायला लागलो, तसा बॉल सरळ निघाला. तरी राहिलेली थोडी ओढ मानेतली स्लीव्ह (शाफ्टचा कोन बदलणारी नळी) एक खाच फिरवून, क्लब थोडा आडवा करून काढली.

आता मृग लागला की हायब्रिड बॅगेत येतो आणि दसरा झाला की वुड. अदलाबदलीच्या पंधरवड्यात, जमीन अर्धी ओली असते तेव्हा, सकाळी पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) जाण्याआधी सरावाच्या ग्रीनवर अंगठा दाबून बघतो आणि त्यावर ठरवतो. हायब्रिडवर यंदा दोऱ्याची ग्रिप चढवून घेतली आहे, कारण पावसात रबराची ग्रिप हातातून सुटते आणि टॉवेल तिसऱ्या होलपर्यंतच कोरडा राहतो.