तुम्ही विचारलंत म्हणून: घरात एक, शाळेत एक

पुण्याचे नातेवाईक बेळगावात आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतात, "घरात एक, शाळेत एक, अशानं मुलं खोटं बोलायला शिकत नाहीत का?" सीमाप्रश्न तुम्हाला ठाऊक आहे, तो उगाळत नाही. मुलीचं सांगते.

1 नोव्हेंबरला सासरे काळी फीत लावून मूक सायकल फेरीला जातात. 1956 साली याच दिवशी बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून घरात हा दिवस सुतकासारखा. शाळेत त्याच दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे, नाच. मुलगी तिसरीत, नाचात होती, आणि गेलीच नाही. आम्ही अडवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टीचरनी विचारलं तर म्हणाली, ताप होता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टीचर कन्नड, फार मायाळू. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिलं, आपल्या डब्यातली इडली दिली, नाच हुकला म्हणून रडू नको म्हणाल्या. घरी पोर जेवेना. रात्री म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर आजोबांना कुणी तरी बोललं असतं. पण टीचरनी हात लावून बघितला ना गं आई."

नवरा म्हणाला, उद्याच जाऊन खरं सांग. सासरे म्हणाले, घरची गोष्ट बाहेर कशाला? ती दोघांकडेही बघेना.

बी.एड.ला मी मानसशास्त्रज्ञ कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या: मूल आधी शिक्षेला भितं, मग आपल्या माणसांसाठी चांगलं वागतं, पुढे कधी तरी न्यायाच्या तत्त्वापर्यंत पोचतं. तेव्हाच्या मी हिला मधल्या पायरीवर बसवलं असतं. पण 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोन मिलर आणि डेव्हिड बेर्सॉफ यांनी मैसूर आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनमधल्या लहानमोठ्यांना विचारलं होतं: मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या वेळेत पोचवायला गाडीचं तिकीट चोरावं का? न्यू हेवनचे बहुतेक नको म्हणाले. मैसूरच्या बहुतेकांनी मित्राला दिलेला शब्द वर धरला, आणि तोही नीती म्हणूनच. मला ते पटतं.

मात्र त्या गोष्टीत मित्र एकच होता. हिला आजोबा आपले आणि टीचरही आपल्याच. तिथे मैसूरचं उत्तरही पुरत नाही. खोटं ते खोटं, हे मी नाकारत नाही. पण "संस्कार कमी पडले" म्हणता तेव्हा राग येतो. दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून आठ वर्षांचं पोर उपाशी झोपतं, ते संस्कारांशिवाय?

टीचरना तिनं अजून सांगितलेलं नाही. सांग असं मी म्हटलं नाही, नको असंही नाही. यंदा नाचात नाव देऊ का, असं ती विचारते आहे, आणि घरात तिघांची तीन मतं आहेत.