टायटॅनियम लॉग ४: भट्टी म्हणते १०१०, चकती म्हणते नाही

मंडळी, मागच्या अपडेटला दीड महिना होऊन गेला, कारण एकच प्रयोग तीनदा करावा लागला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. भोसरीत भंगारात ग्रेड ५ टायटॅनियमचा १२ मिमीचा रॉड मिळालाय, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. त्याच्या ६ मिमीच्या चकत्या कापायच्या, तापवून पाण्यात टाकायच्या आणि आत काय झालं ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. शुद्ध टायटॅनियम ८८२ डिग्रीपर्यंत आल्फा असतं, म्हणजे अणूंची षटकोनी रचना (एचसीपी), आणि त्याच्या वर बीटा, म्हणजे घनाकार, क्यूबिक रचना (बीसीसी). ॲल्युमिनियम आल्फाला धरून ठेवतं, व्हॅनेडियम बीटाला, आणि या ओढाताणीत ग्रेड ५ पूर्ण बीटा व्हायला साधारण ९९५ डिग्री लागतात, त्यालाच बीटा ट्रान्सस म्हणतात.

तर भट्टी १०१० वर लावली, अर्धा तास ठेवलं आणि सरळ पाण्यात. अपेक्षा अशी की सगळीकडे मार्टेन्साइटच्या, म्हणजे बीटा झटक्यात थंड झाल्यावर बनणाऱ्या रचनेच्या, सुया दिसतील, दुसरं काहीच नाही.

एचिंगबद्दल, म्हणजे रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग ॲसिडने कोरण्याबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलं होतं. त्यासाठी टायटॅनियमवर वापरतात त्या क्रोल रिएजंटमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते मी घरात आणणार नाही आणि तुम्हीही कृपया आणू नका, कातडीतून आत शिरतं आणि पातळ असेल तर दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याची गरजही नाही! आल्फा षटकोनी असल्यामुळे क्रॉस केलेल्या पोलरायझरखाली (प्रकाश गाळणाऱ्या, एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन फिल्टरमध्ये) मायक्रोस्कोपची स्टेज फिरवली की प्रत्येक कण उजळतो आणि काळवंडतो, क्यूबिक बीटा मात्र तसाच राहतो. फक्त पॉलिश जीव ओतून करावं लागतं, मी कोलॉइडल सिलिकात (पाण्यात तरंगणारी अतिबारीक सिलिका) थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून शेवटचा हात मारतो, चाळीस मिनिटं तरी.

आणि दिसलं काय, तर सुयांच्या जाळ्यात मधेमधे गोल गोल कण, स्टेज फिरवली की एकेक कण अख्खाच्या अख्खा उजळतोय. म्हणजे प्रायमरी आल्फा, तापवताना बीटा न झालेला, अंदाजे पाव भाग! ट्रान्ससच्या वर गेलेल्या चकतीत हे राहूच शकत नाही. आधी वाटलं रॉडमध्ये ऑक्सिजन जास्त असेल, ऑक्सिजननेही ट्रान्सस वर सरकतो, पण एवढा? दुसरी चकती, तेच. मग वेगळं के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) तारेने थेट चकतीला बांधून बघितलं तर ९६५. भट्टीचं स्वतःचं थर्मोकपल मागच्या भिंतीत वर आहे आणि चकती दाराजवळ, तिथे ४५ डिग्रीचा फरक पडत होता. आता चकती मागे, आणि वाचन चकतीवरचंच धरायचं.

तिसऱ्या वेळी चकतीवर १०४० घेतलं. गोल कण गायब, मोठमोठे जुने बीटाचे कण आणि प्रत्येकाच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या बारीक सुया. या दिशा वाटेल तशा नसतात, बीटामधल्या अणूंच्या ठरावीक थरावर आल्फाचा षटकोनी थर बसतो, हे नातं बर्गर्स या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये झिर्कोनियमवर दाखवलं, त्यातून एका बीटा कणात १२ प्रकारे आल्फा उभा राहू शकतो. पाण्याऐवजी हवेत थंड केलेल्या जोडीदार चकतीत सुयांच्या जागी जाड पट्ट्या आल्या. रात्री एक वाजता बायकोला दाखवलं तर ती म्हणाली विणलेली टोपली दिसतेय, आणि त्या रचनेचं नावच बास्केटवीव्ह आहे.

एक सूचना, कडेचा भाग बघून निष्कर्ष काढू नका. उघड्या भट्टीत हवेतला ऑक्सिजन आत मुरतो आणि कडेला आल्फाचाच कडक थर तयार होतो, मी आता अर्धा मिमी घासून टाकूनच बघतो. भुगा मात्र साठू देऊ नका, पेट घेतो आणि त्यावर पाणी चालत नाही, कोरडी वाळू जवळ ठेवा.

पुढच्या वेळी १०४० वाल्या चकतीचे दोन तुकडे, एक ५४० डिग्रीवर चार तास. सुयांच्या कडेला बीटा परत येताना माझ्या ४०एक्स लेन्समध्ये दिसेल असं वाटत नाही, पण हार्डनेस (कडकपणा) तपासून घेतोय.