स्टॉर्मस्कोप दुरुस्त करायचा की उतरवायचा?

विमान पावसाळ्यापुरतं जुहूच्या हँगरात उभं आहे. वार्षिक तपासणी चालूच आहे, तेव्हा यंदा स्टॉर्मस्कोपचा, म्हणजे वीज कुठे होतेय ते वैमानिकाला दाखवणाऱ्या यंत्राचा, सोक्षमोक्ष लावूनच टाकू, असं आम्हा भागीदारांचं ठरलं. यंत्र डब्ल्यूएक्स-१०००, हिरव्या पडद्याचं जुनं मॉडेल. तक्रारी दोन. पडदा इतका मंदावलाय की दुपारी हाताचा आडोसा धरल्याशिवाय काही दिसत नाही. दुसरी तक्रार जास्त डोकं खाणारी आहे: आभाळ स्वच्छ असलं तरी पडद्यावर विजेचे ठिपके उमटतात.

ज्यांनी हे यंत्र वापरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हे रडार नव्हे. रडार स्वतः लहर सोडतं आणि पावसाच्या थेंबांवरून परत आलेली लहर वाचतं. त्याची थाळी सहसा नाकात बसते, आणि आमच्या सेसनाच्या नाकात इंजिन आहे. स्टॉर्मस्कोप काहीच सोडत नाही, नुसता ऐकतो. विजेच्या कडकडाटासोबत जी रेडिओलहर उठते ती ५० किलोहर्ट्झच्या आसपास एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या अँटेनाच्या दोन लूपांत पकडायची, त्यावरून दिशा काढायची आणि सिग्नलचा जोर नि आकार बघून अंतराचा अंदाज बांधायचा, एवढं त्याचं काम. म्हणून दिशा बऱ्यापैकी खरी असते, अंतराचं मात्र फार मनावर घ्यायचं नाही. जबरदस्त वीज आहे त्यापेक्षा जवळ दिसते, किरकोळ वीज लांब दिसते. मोठी रेंज २०० नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर. ओहायोच्या पॉल रायन यांनी १९७०च्या दशकात हे यंत्र आणलं, पण वीज रेडिओवर ऐकू येते हे आपल्या घरातही सगळ्यांना माहीत होतं. मिडियम वेव्हवर अस्मिता वाहिनी लावलेली असायची आणि वळिवाच्या ढगाआधी खरखर यायची.

सल्ला मागितला की अमेरिकेतले वैमानिक एकच सांगतात: काढून टाका, टॅब्लेट घ्या. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. तिथे जमिनीवरच्या केंद्रांतून ९७८ मेगाहर्ट्झवर रडारचं चित्र थेट कॉकपिटमध्ये फुकट येतं. (तेही ताजं असतंच असं नाही. चित्राखाली लिहिलेल्या वेळेपेक्षा प्रत्यक्ष माहिती १५-२० मिनिटांनी जुनी असू शकते, अशी ताकीद त्यांच्या अपघात तपास मंडळाने २०१२ मध्ये दिली होती.) आपल्याकडे ती सोय नाही. कुलाबा आणि वेरावलीच्या डॉपलर रडारची चित्रं निघायच्या आधी मोबाइलवर बघता येतात, पण घाटावर चढलं की मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू करण्यात अर्थ नाही.

माझ्या मते प्रश्न यंत्राच्या वयाचा नाहीच, आपल्या आभाळाचा आहे. कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात वीज फारशी नसते. ढग समुद्रावरून येतात, घाटाला धडकून वर चढतात आणि ओततात. खंडाळ्याचा घाट धुक्यात बुडालेला, खाली धो धो पाऊस, आणि स्टॉर्मस्कोपचा पडदा कोरा. कोऱ्या पडद्याला कोणी ‘रस्ता मोकळा’ समजला तर संपलंच. म्हणजे ऐन पावसाळ्यात हे यंत्र आम्हाला जवळपास निरुपयोगी, आणि तेव्हा आम्ही तसंही उडत नाही.

पण रोहिणीचा वळीव आणि हस्त-चित्रातला परतीचा पाऊस ही वेगळी जात आहे. सकाळी बारामतीला जाताना आभाळ निळंशार असतं. तीनच्या सुमारास परत निघावं तर घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे, आणि मुंबईच्या बाजूच्या दमट धुरकटपणात ते नुसत्या डोळ्यांना वेळेवर दिसतही नाहीत. कोणत्या दिशेला वीज होतेय एवढं कळलं तरी लोणावळ्याकडून उतरायचं की मुकाट्याने बारामतीलाच थांबायचं हे ठरवता येतं. ढगांच्या मधून वाट काढायला हे यंत्र नाही. लांबून वळसा घालायला किंवा न निघायला आहे.

आता खोट्या ठिपक्यांबद्दल. इंजिन बंद ठेवून, फक्त बॅटरीवर यंत्र लावलं. काही नाही. मग एकेक स्विच चालू करत गेलो. शेपटीवरचा लाल बीकन, म्हणजे लुकलुकणारा दिवा, लावल्याबरोबर पडद्यावर सहाच्या काट्यापाशी, म्हणजे बरोबर मागच्या दिशेला, ठिपके जमायला लागले. खात्री करायला टो-बार (विमान ओढायचा दांडा) लावून विमान हँगरासमोर फिरवलं. आमच्या यंत्राला होकायंत्राची जोडणी नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी क्लिअरचं बटण दाबायचं आणि नव्याने बघायचं. बाहेरची खरी वीज असती तर विमान वळल्यावर ठिपक्यांची जागा बदलली असती. हे ठिपके कुठेही तोंड केलं तरी सहावरच चिकटून.

एएमईंनी, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या इंजिनियरांनी, पोटाखालचा अँटेना उतरवला. सील बाजूने फाटलेलं, आणि आत पत्र्यावर पांढरी भुकटी. जुहूची खारी हवा, दुसरं काय. अँटेनाच्या बुडाचा विमानाच्या पत्र्याशी पक्का धातूचा संपर्क लागतो. तो कुजला की विमानातल्याच वायरिंगची कुरबुर आत शिरते. साध्या मल्टिमीटरवर हा दोष कळतही नाही, कारण मोजायचं असतं ते मिलिओममध्ये, म्हणजे ओमच्या हजाराव्या भागात. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळं मीटर आहे. आकडा बघून ते म्हणाले, “साहेब, डबा ठणठणीत आहे, पायच कुजलाय.” बीकनच्या फ्लॅशरची अर्थिंगही सैल निघाली.

एवढं कळल्यावर निर्णय सोपा झाला, निदान अर्धा. पत्रा घासून, गंजरोधक लावून, नवं सील घालून अँटेना परत बसवायचा. फ्लॅशरची अर्थिंगही नीट करायची. यात वेळ जातो, पैसा फार जात नाही. एका भागीदाराचं म्हणणं होतं की एवढं करण्यापेक्षा नवा डब्ल्यूएक्स-५०० घ्या. पण त्याला स्वतःचा पडदाच नसतो. तो दाखवायला नवा डिस्प्ले, म्हणजे पॅनलमध्ये बदल, म्हणजे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मंजुरीचे कागद. आमच्या विमानाच्या किमतीकडे पाहता ते मला पटत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पडद्याचं काय, यावर मात्र अजून एकमत नाही. तो दुरुस्तीला परदेशी पाठवायचा तर जाण्या-येण्याचं भाडं, विमा, कस्टम, आणि जुन्या ट्यूबची हमी कोणी देत नाही. मी तूर्त नाही म्हटलंय. यंत्राच्या आतलं सगळं खरं चालतंय हे आधी सिद्ध होऊ दे.

ती चाचणी परतीच्या पावसात होईल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप पडलेल्या विजा नकाशावर दाखवतं. घाटावर गडगडाट सुरू झाला की विमान मोकळ्यावर आणायचं, इंजिन बंद, एकाने पडदा बघायचा आणि दुसऱ्याने मोबाइल, आणि दिशा ताडून बघायच्या. अंतर जुळलं नाही तरी चालेल. दिशेत वीस अंशांच्या आत राहिला तर पडद्यासाठी पैसे काढायचे. नाही राहिला तर प्रोसेसरसकट सगळं उतरवायचं, वजन-संतुलनाचा कागद नवा करायचा आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर घाट ओलांडायचा नाही. या शेवटच्या अटीवर सगळ्या भागीदारांच्या सह्या मी आत्ताच घेऊन ठेवल्यात.