पासिगकाठची राणी

मनिलात आज सुट्टी, म्हणून पासिग नदीच्या फेरीबोटीत बसून सांता आनाला गेले. सोबतच्या फिलिपिनो मैत्रिणीने दायांग कलांगितान नावाच्या जुन्या राणीची गोष्ट काढली आणि मी ऐकतच बसले. स्पॅनिश लोक यायच्या आधी, याच नदीकाठी म्हणे हिचं राज्य, सोबत नवरा गात लोंतोक, पण नाव आधी हिचं घेतात 😄 कोणी नामायान या इथल्या जुन्या राज्याची राणी म्हणतं, कोणी शेजारच्या तोंदो राज्याच्या राजाची लेक, तिच्या काळातला एकही लेख नाही हो, सगळं नंतरच्या वंशावळी नि तोंडी कथांतून आलेलं. पण तागालोग लोकांच्या या भागात बायकांना मान होता ही काही नुसती दंतकथा नाही. १९८९ मध्ये लागुना प्रांताकडे एक ताम्रपट मिळाला, त्यावर तिथी काय तर शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार!! अगदी आपलं पंचांग. त्यात नामवारान नावाच्या माणसाचं कर्ज माफ झाल्याचा कागद अंगकातान नावाच्या बाईला दिलाय, बरोबर तिचा नातलग बुकाह. मला तर राणीपेक्षा ही कर्जमाफीवाली बाई जास्त आवडली. ताम्रपट इथल्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, मनिलातले मराठी लोकहो, रविवारी कोण कोण येतंय?