तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधल्या पोराला स्पीड किती द्यायचा?

‘वाडीतल्या टीमची पोरं फुटबॉलच्या गेममध्ये घातली. नावं झाली, जर्सी झाली. आता स्पीड किती देऊ?’ एडिट मोड (गेममधला खेळाडू बनवायचा भाग) उघडून बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. बहुतेकांनी तोवर आपल्या विंगरला, म्हणजे कडेने पळणाऱ्या खेळाडूला, ९९पैकी ९५ देऊनही टाकलेले असतात.

मुळात स्पीड म्हणजे दोन आकडे. जागेवरून पहिल्या १० मीटरांत पोरगा किती झटकन सुटतो, ते अ‍ॅक्सिलरेशन. मोकळं मैदान मिळाल्यावर जास्तीत जास्त किती वेग गाठतो, तो टॉप स्पीड. उसेन बोल्टची २००९ची बर्लिनची ९.५८ सेकंदांची १०० मीटरची शर्यत घ्या. पहिल्या २० मीटरांना २.८९ सेकंद लागले आणि ६० ते ८० या २० मीटरांना १.६१. फुटबॉलमध्ये ६० मीटर सरळ पळायला क्वचितच मिळतं. बहुतेक धावा १०-२० मीटरांतच आटपतात. फिफाच्या मालिकेत, म्हणजे आताच्या ईए स्पोर्ट्स एफसीत, वेगाचा एकूण गुण (पेस) काढताना अ‍ॅक्सिलरेशनला ४५ टक्के आणि स्प्रिंट स्पीडला, म्हणजे टॉप स्पीडला, ५५ टक्के वजन असतं. माझ्या मते हे उलट हवं. बचावपटू हरतो तो बहुतेक वेळा पहिल्या तीन पावलांत.

आता पट्टी, म्हणजे कुठल्या वेगाला किती गुण. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबच्या मिकी व्हॅन डे व्हेनचा वेग जानेवारी २०२४मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध ताशी ३७.३८ किलोमीटर मोजला गेला. तो सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू आहे, सहा फुटांहून बराच उंच. तेव्हा ‘उंच आहे, म्हणजे संथ असणार’ हा अंदाज आधी सोडून द्या. टॉप स्पीडसाठी माझी पट्टी अशी: ताशी २८ किलोमीटरला ५० गुण आणि पुढच्या-मागच्या प्रत्येक किलोमीटरला ५. म्हणजे ३३ला ७५, ३६ला ९०, व्हॅन डे व्हेन ९७च्या घरात आणि २६वाला ४०वर. पेस २०२१ (PES, कोनामीचा फुटबॉल गेम) मध्ये आकडे ४०पासूनच सुरू होतात, तिथेही ही पट्टी बसते. अ‍ॅक्सिलरेशनसाठी पहिले १० मीटर १.७० सेकंदांत तर ९०, १.८०ला ८०, १.९०ला ७०, २.००ला ६०.

मोजायचं कसं, यावरच सगळं अवलंबून आहे. टेपने ४० मीटर आखा आणि ०, १०, ३० आणि ४०वर काठ्या रोवा. काठ्या पळण्याच्या पट्ट्याला अगदी लागून हव्यात. लांब रोवल्या की फोनच्या व्हिडिओत तिरकं दिसतं आणि छाती काठीला नेमकी कधी पोचली ते कळत नाही. एक फोन ५ मीटरांच्या खुणेसमोर, दुसरा ३५च्या समोर, दोन्ही पट्ट्यापासून साधारण १५ मीटर दूर, हलणार नाहीत असे. पोरगा स्वतःच्या मनाने सुटू दे, शिट्टी नको, नाहीतर त्याच्या कानाचा वेळही धावेत मोजला जातो. पाय हलल्यापासून छाती १०च्या काठीला येईपर्यंतचा वेळ अ‍ॅक्सिलरेशनचा. ३० ते ४० हा टप्पा टॉप स्पीडचा.

व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा असेल, तर शेवटच्या १० मीटरांच्या फ्रेम मोजा आणि २१६०ला त्या संख्येने भागा. ताशी किलोमीटर मिळतात. ७५ फ्रेम म्हणजे २८.८. एक फ्रेम चुकली तर साधारण दोन गुण इकडेतिकडे होतात, ३० फ्रेमच्या व्हिडिओत चार. हातातल्या स्टॉपवॉचने मात्र हे करूच नका. अंगठा ०.२ सेकंद सहज चुकतो. १.२५चे १.०५ नोंदले गेले, तर २८.८चा पोरगा ३४.३चा होतो आणि फुकट २७ गुण घेऊन जातो.

पुळणीवर मोजू नका. कोरडी वाळू पायाचा रेटा गिळते, आणि ओहोटीची ओली वाळू कडक लागली तरी रोज सारखी नसते. जांभ्याच्या मैदानावर बारीक खडी असेल तर सुरुवातीचं पाऊल घसरतं. अ‍ॅक्सिलरेशन पडतं, टॉप स्पीड तेवढं नाही. म्हणून सगळ्यांना एकच मैदान आणि एकाच प्रकारचे बूट. दुपारी खारा वारा जोर धरतो, तेव्हा मोजणी सकाळीच उरका आणि दोन्ही दिशांनी पळवून सरासरी घ्या. ४०च्या काठीपुढे निदान १५ मीटर मोकळे हवेत. समोर गडगा दिसला की पोरगा ३५लाच आवरतं घेतो. अंग गरम केल्याशिवाय पळवू नका, मांडीमागचा स्नायू असाच धरतो.

आकडे भरले की गेममध्ये तपासा. ३३ आणि ३६ वेगाच्या दोघांत खऱ्या मैदानावर २० मीटरांत जेमतेम १.७ मीटरांचा फरक पडतो. बचावपटूच्या पुढे शिरायला तो पुरेसा असतो. १०५ मीटरांच्या मैदानात पेनल्टी एरियाच्या रेषेपासून मध्यरेषा ३६ मीटरांवर. अ‍ॅक्सिलरेशन सारखं ठेवून ७५ आणि ९०च्या खेळाडूंना तेवढं पळवा आणि रिप्ले थांबवून बघा. अंतर तीन मीटरांच्या आसपास हवं. गोल एरियाच्या खोलीएवढं, म्हणजे ५.५ मीटर दिसलं, तर तो गेम आकडे ताणतोय. मग टीमच्या सरासरीपासूनचं प्रत्येकाचं अंतर निम्मं करा: सरासरी ६० असेल तर ८०चा ७०, ५०चा ५५. पेस (PES) गेममध्ये दोघांचा फॉर्मचा बाण (खेळाडू त्या सामन्यात किती रंगात आहे ते दाखवणारा) सारखा आहे ना, ते आधी बघा. फिफा २३पासून उंची, ताकद आणि चपळाईनुसार पळण्याची ढबही बदलते, त्यामुळे सारख्या आकड्यांचे दोन खेळाडू सारखे पळतीलच असं नाही.

पास निघायच्या आधीच जो पळायला लागतो, तो नेहमी वेगवान वाटतो. त्याचे गुण पोझिशनिंगमध्ये द्या. वळताना मागे पडणाऱ्याची अ‍ॅजिलिटी कमी करा, सत्तराव्या मिनिटाला दमणाऱ्याचा स्टॅमिना. बॉल पायात असताना ज्याचा वेग पडतो, त्याचं ड्रिब्लिंग खाली आणा. टॉप स्पीडला हात लावू नका, तो तुम्ही मोजलेला आहे.